मान वर काढणारा डोळा

टक् असा अगदी बारीक आवाज होतो, आणि कळफलकाच्या सर्वांत वरच्या ओळीतून, दोन कळांच्या मधून, एक चिमुकला डोळा मान वर काढतो. सकाळी खिडकीतून नगरजवळच्या केडगावचं ऊन टेबलावर उतरलेलं असलं, की त्या काचेच्या ठिपक्यात क्षणभर जांभळी-हिरवी झाक उमटते, मोराच्या पिसात असते तशी. बोटाने हलकेच दाबलं की तो पुन्हा आत. वर उरते फक्त एक कळ. शेजारणींसारखीच सपाट, निरागस. पुण्याच्या ज्या कंपनीचं काम मी घरी बसून करतो, तिने दिलेल्या लॅपटॉपचा हा कॅमेरा. इतरांच्या लॅपटॉपचा डोळा पडद्याच्या माथ्यावर सदैव उघडा असतो. माझा मात्र भूमिगत. ही योजना ज्या कुणाला सुचली, त्याला माणसाच्या मनाची केवढी जाण असली पाहिजे! दिसणं आणि न दिसणं यांतली निवड त्याने एका बोटाच्या टोकावर आणून ठेवली.

या डोळ्याला एक खोड आहे. तो खालून पाहतो. मीटिंगमध्ये इतरांचे चेहरे कसे नीट चौकटीत, आणि माझी मात्र हनुवटी, नाकपुड्या आणि त्यामागे गरगरणारा पंखा. "सर, पंख्यालाही मीटिंगचं आमंत्रण आहे का?" असं पुण्याची एक सहकारी मुलगी विचारते आणि सगळे हसतात. मीही हसतो. पण मनात येतं, आपल्याला खालून कोण कोण पाहतं? मांडीवरचं मूल पाहतं. पायाशी वाकलेला माणूस उठताना पाहतो. अंथरुणाला खिळलेला पाहतो. आरशासाठी आपण जो चेहरा जमवून ठेवतो तो समोरून पाहण्याचा असतो. हनुवटीखालचा प्रदेश आपण कधी जमवतच नाही. तिथे आपण जसे असतो तसेच असतो.

आता जे सांगायचं आहे ते टाळत टाळत मी इथवर आलो, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

माझे वडील, आण्णा, गावी काष्टीला माझ्या धाकट्या भावाकडे, बाळूकडे राहतात. गेल्या काही वर्षांत त्यांचे कान हळूहळू गेले. कानात घालायचं यंत्र आणून दिलं, तर "ह्यात नुसतं भुंगं घोंगावत्यात" म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. त्यामुळे त्यांना फोन करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. पण निसर्गाचा व्यवहार अजब आहे. कान मिटत गेले तशी त्यांची नजर उघडत गेली. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना शब्द कळतात, आणि उरलेल्या चेहऱ्यावरून त्या शब्दांचा खरेपणा कळतो. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून कुणी "बरं चाललंय" म्हणालं, तर ते सरळ म्हणतात, "खोटं नको बोलू, बस हितं." आवाजाने फसवता येण्याची सोय त्यांच्यापाशी संपलेली आहे.

म्हणून बाळू रोज संध्याकाळी रानातून आला की व्हिडिओ कॉल लावतो आणि मोबाईल त्यांच्या हाती देतो. सुरुवातीला आमचं छान चाललं होतं. मी तोंड मोठं करून बोलायचो, ते वाचायचे. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, "मी तुझ्याकडं यिऊ का र्‍हायाला? हितं दिवसभर समदी रानात. बोलाया मानूस न्हाई."

खरं सांगतो, त्यांच्या त्या प्रश्नात तक्रार नव्हती. भाजी आणू का, इतक्या साधेपणाने त्यांनी तो विचारला होता. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? माझ्या मीटिंगा आल्या. बहिरा माणूस स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलतो. आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो आवाज पुण्यापर्यंत जाईल, टीव्ही फुल आवाजात लागेल, आणि पंख्यावर हसणारी माणसं आता कशावर हसतील, हे माझ्या मनात आलं. एवढंच. यापेक्षा मोठं, यापेक्षा सांगण्यासारखं कारण माझ्यापाशी नव्हतं. काही मोठं वैर असतं, जुना सल असता, तर निदान त्याच्या आडोशाला उभं राहता आलं असतं. माणूस बहुधा अशा क्षुल्लक गोष्टींसाठीच कठोर होतो का?

"या ना. जरा सवडीनं ठरवू," असं मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता, आपल्या चेहऱ्यावर नक्की काय उमटतंय या भीतीने, माझं बोट त्या कळेवर गेलं. टक्. काष्टीच्या पडद्यावर मी काळोख झालो.

"दादा, दिसंना तू," बाळूचा आवाज आला.

"अरे, कॅमेरा बिघडलाय बहुतेक."

तेव्हापासून तो बिघडलेलाच राहिला. मोबाईलवर कॉल घेता आला असता, पण मोबाईल हातात धरला की चेहरा द्यावाच लागतो. लॅपटॉपवर घेतला की मी त्यांना पाहू शकत होतो आणि ते मला नाही. विचार करा, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापुढे मी चित्र बंद करून बसत होतो! त्यांच्या दृष्टीने तिथे काहीच नसे. ना शब्द, ना माणूस. तरी ते त्या काळ्या चौकोनाकडे पाहत बसत. बाळू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, बोटांनी खुणा करून सांगे, "दादा बरा हाय. कामात हाय." ते मान हलवत आणि प्रश्न विचारत, "मग कवा यिऊ, म्हन्ला का?" बाळू माझ्यासाठी काहीतरी उत्तर जुळवून देई. माझ्या खोटेपणाला त्याचा प्रामाणिक हात लागला होता, याची टोचणी अजून वेगळी.

मग दसरा आला. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. घरात शेतीचं एक खुरपं आहे, विळी आहे. त्यांच्या पंगतीला आता स्कूटर, मिक्सर आणि माझा लॅपटॉप. माझी पत्नी सुनीता शेवगावची. तिच्या हातून देवाचं काही अर्धवट होत नाही. पाटावर उघडलेल्या लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवलं, आणि मग तिने ती कळ दाबली. डोळा वर आला.

"अगं, याला कशाला?" मी म्हणालो.

"का? सगळ्यांना हळदकुंकू आणि एवढा डोळाच उपाशी ठेवायचा? आधीच आजारी आहे बिचारा."

तिने त्याच्या माथ्यावर ओलं कुंकू लावलं, हळद लावली, वर चिमूटभर अक्षता वाहिल्या. शेंदूर लावलेल्या शेताच्या देवासारखा तो दिसू लागला. मला हसू आलं. यंत्राला देव करण्याची ही आपली रीत कुणाला भाबडी वाटेल. मला तिच्यात एक सौजन्य दिसतं. जे आपल्यासाठी राबतं त्याला वर्षातून एकदा कपाळ आहे असं मानायचं. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, पण पुण्याच्या कंपनीला ते कुठून कळणार? दुपारी तिकडून निरोप आला आणि मी लॅपटॉप पाटावरून उचलून टेबलावर घेतला. कॅमेरा दाबला. तो आत जाईना. एक ओला तांदूळ त्याच्या खाचेत उतरून फुगून बसला होता. टाचणीने टोकरलं तसा तो आणखी खोल गेला. डोळा ताठच्या ताठ उभा.

संध्याकाळी मी तिथेच बसलो असताना काष्टीचा कॉल आला. पडद्यावरच्या बटणाने चित्र झाकायला मला क्षण पुरला असता. पण सुनीता आपट्याची पानं घेऊन मागेच उभी होती, तिने वाकून कॉल घेतलासुद्धा. "बघा, पूजा केल्यावर कसा सुधारला!" ती आनंदाने म्हणाली. आता त्यावर हात ठेवायचा, तर तिच्यादेखत, आणि त्या ओल्या कुंकवावर. मी काही फार सश्रद्ध माणूस नाही, पण हात उचलला नाही.

पडद्यावर आण्णा आले. धुवट सदरा, नवी टोपी, हातात आपट्याचं पान. मला पाहताच त्यांचा चेहरा असा उजळला, की मी मान खाली घातली. आणि खाली तर तो डोळा होता.

"आरं! हनवटीखाली दाढी पार पिकली की तुझी!" ते ओरडले. "सूनबाई, ह्याला खायला घाल जरा. कापसावानी झालाय!"

सुनीता हसली, तिने पानं पडद्याला लावून वाकून नमस्कार केला. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "मी कवा यिऊ?"

मी ओठ मोठे करून म्हणालो, "या की, आण्णा. दिवाळी झाली की या."

शब्द नीट होते. त्यांनी ते वाचले. मग त्यांची नजर ओठांवरून वर सरकली आणि तिथे थांबली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. पावसाचं आभाळ पाहताना शेतकऱ्याची नजर जशी काही न मागता नुसती अंदाज घेत राहते, तशी ती होती.

"र्‍हाऊ दे," ते म्हणाले. आवाज प्रथमच हळू होता. "मलाच जमनार न्हाई. गुरांकडं कोन बघंल?"

"काय म्हनला दादा?" असं पलीकडून बाळूने खुणेने विचारलं असावं, कारण त्यांनी तिकडे पाहून हात हलवला. "काय न्हाई. ये म्हन्तोय लई. मीच नको म्हन्लो."

आणि मग माझा पडदा लालसर अंधाराने भरून गेला. कॉल बंद कसा करायचा हे त्यांना येत नाही. त्यांनी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला होता. त्या अंगठ्यातून आलेला तो तांबूस उजेड आणि घरातल्या मंडळींचे दूरचे आवाज मी पाहत, ऐकत राहिलो. मी काळोख होण्यासाठी एवढं कुशल यंत्र वापरलं होतं. त्यांनी ते हाताने केलं. फरक एवढाच की मी स्वतःला वाचवत होतो आणि ते मला.

सुनीता मागे उभी होती. "तुम्ही त्यांना नको म्हणालात?" तिने विचारलं.

"नाही. या म्हणालो."

"या म्हणालात, ते मी ऐकलं," ती म्हणाली, आणि पानं तिथेच टेबलावर ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दौंडकडे जाणारी एसटी धरून काष्टीला गेलो. आण्णा ओट्यावर एकटेच होते. घरची सगळी ज्वारीच्या पेरणीला. मी पाया पडलो, आणि वर पाहिलं तेव्हा त्याच कोनातून पाहणं आता माझ्या वाट्याला आलं. त्यांची हनुवटी, मानेवरची सैल कातडी, दाढीत राहून गेलेले खुंट. "चला माझ्याबरोबर," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा जमवायचा प्रयत्न केला नाही. त्यात लाज असेल, ओढ असेल, आणि त्या मीटिंगांची धास्तीही असेलच. मला ती पुसून टाकता आली नव्हती. जे होतं ते त्यांच्यापुढे तसंच धरलं.

बराच वेळ ते पाहत होते. मग उठून आत गेले आणि पिशवी घेऊन आले. "जाता जाता बाळ्याला रानात सांगून जाऊ," एवढंच म्हणाले.

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा दिली. वाटेत ते मोठ्याने म्हणाले, साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं, "आठ दिस र्‍हातो. मग कांद्याची लागन हाय."

आठ दिवस! ते ऐकताच माझ्या आत काहीतरी हलकं झालं. ते हलकं होणं इतकं झटकन आलं की मला आवरता आलं नाही. आणि मी त्यांच्याकडेच तोंड करून बसलो होतो. ते माझ्या चेहऱ्यावर उमटलं असणारच.

आण्णांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दमले असतील, झोप लागली असेल. पण मांडीवरच्या पिशवीवर त्यांची बोटं हलत होती. ते जागे होते. नगर जवळ येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. आणि मीही, ते माझ्यासाठीच मिटलेले आहेत हे कळूनसुद्धा, केडगावच्या थांब्यापर्यंत त्यांच्याकडे केलेलं तोंड वळवलं नाही.