बोरोले सरांचा अणू

स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माणसं एकेक करून कमी होतात आणि मागे किस्से उरतात! आमच्या बुऱ्हाणपूरच्या शाळेत असे पुष्कळ उरलेत. त्यातले निम्मे बोरोले सरांचे. सर विज्ञान शिकवायचे, मी चित्रकला.

*

जुन्या पुस्तकात होतं, अणू म्हणजे पुडिंग आणि त्यात बेदाण्यांसारखे रुतलेले इलेक्ट्रॉन. आता पुडिंग आमच्याकडे कोणी पाहिलंय! सरांनी जिनिंगमधून सरकीसकट कापूस आणला. "हा कापूस म्हणजे अणू, आणि सरकी म्हणजे इलेक्ट्रॉन." वर्गाला मिनिटात समजलं.

परीक्षेत एकानं लिहिलं, 'अणू वेचताना बोटं सोलतात.' सरांनी अर्धा मार्क दिला. म्हणाले, "पोरगं अनुभवाचं बोललंय!"

*

मग राज्यांची फेरमांडणी झाली. राजधानी म्हणून आमचं नागपूर सुटलं, भोपाळ आलं. पुस्तकंही बदलली. नव्या अणूत मधे एवढंसं केंद्र, आणि इलेक्ट्रॉन लांबून फिरणारे. जवळच्या निंबोला गावचा एक पोरगा उठला.

"सर, मांगच्या साली तं सरकी कापसातच होती. आता भायेर कशी आली?"

"मागच्या साली आपण नागपुरात होतो रे!"

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

*

कारण नवा हुकूम आला होता. शिकवायचं हिंदीतून. इन्स्पेक्टर साहेब पाठ बघणार आणि जो नापास होईल त्याची बदली लांब, जंगलातल्या प्राथमिक शाळेत. सरांची बायको दम्यानं अंथरुणाला खिळलेली. तिला घेऊन तिथं राहायचं कसं? माझी चित्रकला, म्हणून मी वाचलो. खरं सांगतो, त्याची मला लाज वाटायची.

बाजारातली हिंदी आम्हा सगळ्यांनाच येते. पुस्तकातली वेगळी! सर ती दिवसभर घोकायचे. एकदा शनवाऱ्याच्या बाजारात नेहमीच्या भाजीवाल्याला म्हणाले, "कृपया आधा सेर बैंगन प्रदान कीजिए."

तो बिचारा घाबरला. "मास्टरजी, घर में सब ठीक तो है ना?"

सर पिशवी घेऊन तसेच निघून आले.

*

तपासणीच्या दिवशी सरांनी वर्ग मैदानावर नेला. मधोमध मोहरीचा दाणा ठेवला आणि एका पोराला पार कुंपणाच्या कडेनं पळायला लावलं. अर्धा तास सर शुद्ध हिंदीत बोलले. एकदाही अडले नाहीत. मला वाटलं, सर सुटले!

साहेबांनी मैदानाकडे पाहिलं. "इस दाने से उस लड़के तक, बीच में क्या है?"

"कुछ नहीं, साहब."

"कुछ तो होगा?"

"जी नहीं. कुछ भी नहीं."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. आठवड्यानं शेरा आला. हेडमास्तरांनी तो स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर वाचला.

'भाषा उत्तम. विषय का ज्ञान नहीं. बदली की जाए.'