आवाज खाणारी गादी

पृथ्वी फिरते हे माझ्या व्याह्यांना मान्य आहे. पण ती त्यांना न विचारता फिरते, हे अजून पटलेलं नाही. जगात जे जे घडतं त्याचं कारण खामगावातल्या आपल्या गाद्यांच्या दुकानात बसून शोधता येतं, समोरच्या माणसाने फक्त घाईत असू नये, असं त्यांचं म्हणणं असतं. आणि तो घाईत असलाच, तर माणसाला घाई होतेच का, हा प्रश्न त्यांच्याकडे तयार असतो. गादी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक गादी आणि एक शंका अशा दोन्ही गोष्टी घेऊन जातं, आणि माझ्या माहितीत गादीपेक्षा शंकाच जास्त टिकतात. असा हा माणूस आयुष्यात एकदाच गप्प झाला. गेल्या हिवाळ्यात माझी पत्नी गेली, तेव्हा. त्या गप्प होण्याबद्दल मला लिहायचं आहे, पण ते कळायला त्यांचं बोलणं आधी कळायला हवं.

व्याह्याला आमच्या बोलीत इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. मी मुलीचा बाप. म्हणजे मुलाच्या बापाने काही विचारलं की उत्तर देणं मला रीतीनेच भाग. त्यातून मी बुलढाण्याच्या एका वाचनालयात जन्मभर ग्रंथपाल होतो. कपाटातली सगळी पुस्तकं मी वाचलेली आहेत आणि मुद्दाम सांगत नाही, असा त्यांचा माझ्याविषयी जुना संशय आहे. "एवढी पुस्तकं तुमच्या हाताखाली होती इवाई, आन् मच्छर कानापाशीच येऊन काऊन गुणगुणते, हे एकातही नाही?" असं ते मला भर लग्नात विचारतात. मी नाही म्हटलं की त्यांना मनापासून आनंद होतो, कारण मग सिद्धान्त मांडायला मैदान मोकळं. "सोपं हाय. तो कलावंत हाय. पायापाशी गाऊन काय करन? जिथं कान, तिथं गाणं."

सोयरिकीच्या बैठकीला हा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसली होती, सुपारी फिरून झाली होती, आणि आता मुलाकडचे काय मागतात म्हणून माझा थोरला भाऊ उपरण्याने मान पुसत होता. व्याह्यांनी घसा खाकरला. "आमचं काही मागणं नाही," ते म्हणाले, "पण एक हाय." सगळे सावरून बसले. ते वर बघत म्हणाले, "हा पंखा एवढा गरगर फिरते. याच्या पात्याजवळ माशी टिकत नाही. मंग त्याच्यावर धूळ काऊन बसते?" माझ्या भावाला वाटलं, घर झाडलेलं नाही असा हा टोमणा आहे, आणि तो हात जोडून उभा राहिला. तेवढ्यात आतून, पडद्याआडून, माझ्या पत्नीचा आवाज आला, "जत्रेत फिरत्या पाळण्यात लोकं बसतात का नाही? तिलेही हौस असन." मुलीच्या आईने बैठकीत असं बोलायचं नसतं. भावाने जोडलेले हात सोडून पुन्हा उपरणं मानेवर फिरवलं. मग व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "पक्की! सोयरीक पक्की! ज्या घरात असं उत्तर भेटते, त्या घरची पोरगी पाहाची गरज नाही." मुलगी तोवर पोहे घेऊन दारात उभीच होती.

त्या दिवसापासून शंका मला विचारल्या जात, पण उत्तरासाठी फोन तिच्याकडे जाई. सकाळच्या चहाला फोन वाजायचा, "इवाई, एक शंका हाय," आणि मी ऐकतो न ऐकतो तोच, "जरा ईनबाईले द्या." मला शिकल्यासवरल्या माणसाला असते तशी धास्ती वाटे, की आपण चुकीचं सांगू. तिला तसली धास्ती नव्हती. ती घाटाखालची, व्याहीही घाटाखालचे, आणि आम्ही घाटावर राहणारे लोक जरा थंडच, हा तर दोघांचा मिळून सिद्धान्त होता. लोणारला आम्ही सगळे गेलो, तेव्हा लोक वाकून खड्डा बघत होते आणि व्याही खड्ड्याकडे पाठ करून उभे. "खड्डा पडला ते ठीक. पण माती कुठी गेली?" माहिती सांगणारा माणूस दोनदा समजावून थकला आणि पाणी प्यायला म्हणून जो गेला तो दिसलाच नाही. बसमध्ये परतताना माझ्या पत्नीनेच तोड काढली, की ती माती उडून बुलढाण्याला साचली असेल, म्हणून तर हे गाव उंचावर आहे. व्याह्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "म्हंजे इवाई, तुमी खड्ड्यातल्या मातीवर राहता."

घाटावर डाळ उशिरा शिजते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं. त्याची परीक्षा त्यांनी अशी घेतली: एकाच पोत्यातली तूरडाळ दोन्ही घरी, एकाच वेळी दोन्ही घरी कुकर चढवायचा, आणि फोन चालू ठेवून शिट्ट्या ऐकायच्या. फोनच्या एका टोकाला खामगावात व्याही आणि दुसऱ्या टोकाला आमच्या स्वयंपाकघरात माझी पत्नी. पण दोन बोलक्या माणसांच्या हाती फोन दिला की शिट्ट्या कोण मोजतो? बोलणं डाळीवरून लोणच्यावर गेलं, लोणच्यावरून कोणाच्या तरी बारशावर, आणि दोन्ही घरी डाळ एकाच वेळी करपली. व्याह्यांनी निष्कर्ष काढला, की करपण्याच्या बाबतीत घाटावर आणि घाटाखाली काहीच फरक नाही.

आता गादीचं. त्यांच्या दुकानात पाऊल टाकलं की बाहेरचा बाजार एकदम दूर गेल्यासारखा वाटतो. चहूकडे कापूस, रजयांच्या थप्प्या, गाद्यांच्या गुंडाळ्या. माणूस आपोआप हळू बोलू लागतो. यावरून त्यांनी मत बनवलं, की कापूस आवाज खातो. आणि खातो, तर त्याचं वजन वाढलंच पाहिजे. आम्ही दोघं दिवाळीच्या खरेदीला खामगावला गेलो होतो, तेव्हा प्रयोग मांडून तयार होता. एक नवी गादी भरून ठेवलेली, तिचं तोंड शिवायचं बाकी. "आवाजाले आत जायले वाट पाह्यजे ना!" गादी वजनकाट्यावर चढवून वजन पाहून ठेवलं. मग न थांबता बोलणारं माणूस हवं होतं. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यावर न टेकताच पुढे माझ्या पत्नीवर गेली.

ती गादीच्या उघड्या तोंडाशी मांडी घालून बसली, अडकित्ता काढला, सुपारी कातरायला घेतली, आणि दुपारभर बोलली. काय बोलली नाही ते विचारा. माहेरच्या विहिरीपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं त्या गादीने ऐकून घेतलं. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलो होतो, पण पान काही उलटलं नाही. मला जे घरी कधी सांगितलं नव्हतं, असंही त्यात बरंच होतं. शेवटी चहा आला. तिने चहा घेतला तसे व्याही ओरडले, "चाचा, शिवा लवकर! बाहेर निंघून जाईन." दुकानात कापूस पिंजणारे म्हातारे चाचा दाभण घेऊन वाकले आणि पुटपुटले, "या अल्ला, आवाज को टाके मारते क्या कोई?" पण टाके त्यांनी चांगले घट्ट मारले. गादी पुन्हा काट्यावर चढली, आणि वजन वाढलं होतं. थोडं, पण वाढलं होतं. व्याह्यांनी चाचांना मिठी मारली, मला मारली, आणि रस्त्यावरून चाललेल्या एका अनोळखी माणसाला बोलावून पेढा दिला.

परतीच्या बसमध्ये घाट लागला तेव्हा माझ्या पत्नीने पिशवी तिसऱ्यांदा उपसली आणि मग एकदम तोंडाला पदर लावून हसू लागली. तिचा अडकित्ता नव्हता. चहाचा कप धरायला तिने तो गादीच्या तोंडाशी ठेवला होता. पितळी अडकित्ता, तिच्या आईचा. माहेरून आणलेल्या वस्तूंपैकी तेवढाच एक तिच्या रोजच्या हातातला. "उद्याच जाऊन उसवून घेऊ," मी म्हणालो. तिने खिडकीबाहेर पाहिलं. "राहू द्या. किती खूश झाले ते. टाके उसवले तर त्याइचा आवाज उडून जाईन." आणि मला बजावलं, "सांगू नका कधी." तिने बाजारातून लोखंडी अडकित्ता घेतला, आणि जन्मभर त्याला नावं ठेवत सुपारी कातरली.

व्याह्यांनी ती गादी विकली नाही. दर दिवाळीला ते तिचं वजन करत, आणि ते कमी झालेलं नसे. त्यावरून त्यांचा दुसरा आणि मोठा नियम निघाला: कापूस एकदा खाल्लेला आवाज सोडत नाही. हा नियम ते फोनवरून दरवर्षी आम्हाला कळवत, आणि माझी पत्नी "हो का? बापा!" म्हणून माझ्याकडे बघत लोखंडी अडकित्ता उचलून दाखवी.

ती गेली तेव्हा आमच्याकडे रीतीप्रमाणे चूल पेटली नाही. सोयऱ्यांच्या घरचा कडू घास यायचा असतो, तो व्याह्यांनी आणला. भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधलेलं. फडकं सोडता सोडता त्यांची नजर वर पंख्याकडे गेली. त्यांच्या ओठांशी काहीतरी आलं, ते मी पाहिलं, आणि त्यांनी ते परत गिळलंही. तेरवीला त्यांनी मला दुखवट्याची टोपी घातली, खांद्यावर दुपट्टा टाकला, आणि तेव्हाही काही विचारलं नाही. सकाळचा फोन चुकला नाही, पण तो असा: "रात्री जेवले का?" "हो." "बरं. ठेवू?" "ठेवा." मुलगी सासऱ्यांना मामाजी म्हणते. ती सांगायची, "बाबा, मामाजी दुकानातही काही विचारत नाहीत. गिऱ्हाइकं लवकर मोकळी होतात, आणि बाहेर पडून घुटमळतात. मी म्हटलं त्यांना, बाबांना विचारा ना काहीतरी. तर म्हणाले, उत्तर देणारी गेली, आता कोणत्या तोंडानं शंका काढू?"

मी तसा कमी बोलणारा. घरात दोघांच्या वाट्याचं बोलणं ती एकटी बोलून टाकत असे, त्यामुळे माझं भागत होतं. आता दिवस दिवस माझ्या तोंडून शब्द निघेना, आणि निघावा असंही वाटेना. मुलीने येऊन आईच्या साड्या नणंदा-जावांना वाटल्या, गोधड्या दिल्या, कपाट रिकामं केलं. मुलगी परत गेल्यावर माझ्या हातून चमचा पडला, आणि तो आवाज साऱ्या घरात फिरून परत माझ्यापाशी आला. खोकलो, तर खोकला परत आला. एकदा तिचं नाव घेतलं. तेही माझ्याच आवाजात परत आलं. त्यानंतर मी घरात मोठ्याने बोलणं बंदच केलं.

असाच एका सकाळी फोन आला. "रात्री जेवले का?" "हो." "बरं. ठेवू?" मी म्हणालो, "थांबा. माणूस गेलं की घर घुमतं का हो?"

पलीकडे चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी जपून प्रश्न आला, "इवाई, ही शंका हाय का?"

"शंका आहे."

"हात नका लावू कशाले. येतो."

दुपार व्हायच्या आत व्याही घाट चढून आले, छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोत मागे बसून, गादीला मिठी मारून. दुकानातून इतक्या गाद्या गेल्या, पण एकीलाही त्यांनी असं धरून नेलं नसेल. आल्या आल्या त्यांनी रिकाम्या खोलीत मला उभं केलं. "मारा टाळी." मी मारली. ती घरभर फिरली. "पाह्यलं? साड्या गेल्या, गोधड्या गेल्या, आता आवाजाले खाणारं कोणी राह्यलं नाही. उपाशी घर हाय हे." मग गादी अंथरली. "आता मारा." टाळी घुमली, पण थोडी कमी. "अजून मारा!" आम्ही दोघं म्हातारे त्या खोलीत बराच वेळ टाळ्या मारत होतो. शेजारच्या वहिनी आरती आहे का म्हणून डोकावून गेल्या.

मग ते गादीवर बसले आणि तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "तशी तर कोणतीही गादी चालली असती. पण ईनबाई हायेत याच्यात. दुपारभर बोलल्या होत्या. मी दरसाल तोललं इवाई, काहीच कमी नाही झालं." हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या भरल्या डोळ्यांतही नियम सिद्ध झाल्याचा थोडा आनंद होताच. मी त्यांच्या शेजारी बसलो. चाचांनी मारलेल्या टाक्यांशी हात टेकवला. कापसाच्या आत, बोटाला, काहीतरी टणक लागलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "तोलून पाह्यता का? काटा आणलाय मी."

"नको," मी म्हणालो. "वजन बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी फोन वाजला. "इवाई, एक शंका हाय. कुत्रं बसायच्या आधी गोल काऊन फिरते?" आता उत्तर मलाच द्यावं लागतं. मी चुकीचं सांगतो, आणि ते मान्य करतात.

त्या गादीवर मी झोपतो. डाव्या कुशीला वळलं की बरगडीखाली ते टोचतं. टाके उसवावेत, पितळी अडकित्ता काढून घासून पुसून तिच्या फोटोसमोर ठेवावा, असं कधी कधी मनात येतं. पण टाके उसवले तर आवाज उडून जाईल, असं ती म्हणाली होती. विज्ञानातलं मला फारसं कळत नाही. तरी ही जोखीम मी घेणार नाही.