बर्फातली नळी आणि दादांची मूठ

भुताखेतांची गोष्ट कुणी काढली की मी आधी म्हणते, "बरं, आता परत एकदा घडवून दाखवा!" बायोकेमिस्टची खोडच ती. तरीही हे लिहितेय... हसायचं तर हसा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही कासारवाडीला स्टेशनजवळ राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या एका औषध कंपनीत, बुरशीपासून पेनिसिलिन बनवायच्या खात्यात कामाला. मी पुण्यात बी.एस्सी.ला, मोडाच्या मुगातल्या एन्झाइमवर माझं पहिलंवहिलं संशोधन चाललेलं. हिवाळ्यात सकाळच्या गाडीला सोडायला आले की दादा माझी बोटं मुठीत घट्ट धरायचे. "गारठलीस की गं पोरी... आण हिकडं."

पुढे पीएच.डी. झाले, पोस्टडॉकसाठी इंग्लंडला गेले आणि तिथे घोडं अडलं. एन्झाइम नेहमी बर्फात ठेवायचं, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. मी नळी बर्फात ठेवायचे, आणि दरवेळी आतलं एन्झाइम मरायचं, म्हणजे निकामी व्हायचं. फेलोशिप संपत आलेली. हात हलवत घरी जावं लागणार, या विचारानं रडू यायचं.

त्या दिवशी माझा वाढदिवस होता. दुपारची वेळ, बाहेर भुरभुर बर्फ, लॅबमध्ये मी एकटी. टेबलावर डोकं टेकलं... आणि दादांच्या शर्टाचा वास आला. कंपनीतला, ओलसर, बुरशीचा. अर्धवट मिटल्या डोळ्यांपुढे खाकी बाही, आणि माझ्या नळीभोवती वळलेली मूठ. "गारठलीस की गं..." इतकं बरं वाटलं, की हलावंसंच वाटेना.

जाग आली तेव्हा नळी बर्फात नव्हती. स्टँडमध्ये होती — कोरडी, कोमट. गेलं हेही, म्हणत चिडून तपासलं, तर एन्झाइम जिवंत! काही एन्झाइमं थंडीनंच मरतात, हे वाचलेलं होतं. आपलं त्यातलंच असेल, हे काही केल्या सुचलं नव्हतं. माझा पोस्टडॉक तरला.

घरी परतल्यावर मी यातलं अवाक्षर काढलं नाही. चहा गाळताना आईच म्हणाली, "तुझ्या वाढदिवसाला मी लय भ्याले बघ. ह्ये शिफ्टवरनं येऊन आडवे झालेले. पोर गारठली म्हणत उठले. हात धरला तर बर्फावाणी! किती शेकला, पर ऊब म्हणून न्हाई."

दादा नुसते हसले. "मला न्हाई बा आठवत."

एन्झाइमचं कारण मी शोधनिबंधात छापलं. दादांच्या हाताचं मला आजही सापडलेलं नाही. तो उजवा तळवा पुढे भर उन्हाळ्यातही गारच असायचा. मग मीच म्हणायचे, "आणा हिकडं," आणि तो मुठीत धरून बसायचे.