दोनला दहा कमी

आमच्या प्रफुलदादाला दोन आवाज होते. एक घरचा: "आई, मले कांदा दे ना वं." दुसरा जानेवारीत आला: "सर, व्हिजिट कधी ठेवू या?" हा दुसरा तो गच्चीवर आरशापुढे घोटायचा. मी जिन्यात बसून तो जसाच्या तसा उचलला आणि बल्लारपूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकवला. त्याची आई, आमची कमळाकाकू, पोट धरून हसली. मग म्हणाली, "हासा लेकहो. पण पोरगं कामाले लागून राह्यलं."

दादा सत्तावीसचा, बी.ए. झालेला. मोबाइलचं दुकान बंद पडल्यापासून घरीच होता. चंद्रपूरच्या गुणवंतरावांनी त्याला प्लॉट-घरं विकायला एजंट म्हणून घेतलं. गुणवंतरावांचं बोलणं नाकातून येतं, अर्धं हिंदीत: "देख प्रफुल, एरिया तूच निवड. एक बार पकडला, का छोडाचा नाई."

त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर तीन नकाशे होते. ऊर्जानगरकडे पगारदार गिऱ्हाईक. पण तिथे आधीच अकरा एजंट, आणि लोक चहाच्या आधी कागदपत्रं मागतात. चंद्रपूर शहरात मोठ्यांचे भाचे बसलेले. तिसरा नकाशा राजुऱ्याच्या पुढचा. नवा लेआउट, चार घरं बांधून तयार, एजंट एकही नाही.

"हे तर माह्या गावाच्या बाजूले हाये," दादा म्हणाला.

"मंग सोचतं काय? वळखीतच पहिला माल निघते."

तिथे एजंट का नाही, हे दादाला ठाऊक होतं. लेआउटमागे बाभळी उगवलेली टेकडी दिसते, ती टेकडी नव्हे. खाणीतून उपसलेल्या मातीचा ढीग आहे. त्याच्यामागे कोळशाची खाण. दुपारी दोनला भोंगा होतो आणि सुरुंग उडतात. तिकडच्या बाया दोनला दहा कमी असताना फळीवरची भांडी खाली उतरवतात, हादरा गेला की परत मांडतात. दादाचं लहानपण याच कामात गेलं. आठ वर्षांपूर्वी त्यांची स्वयंपाकघराची भिंत बसली, तेव्हा ही मंडळी बल्लारपूरला आली.

"ऊर्जानगर घे ना रे," घरी काकू म्हणाली.

"तिथी मले कोण ओळखते?"

"म्हणूनच म्हणून राह्यली."

त्यानं राजुराच घेतलं. घर दाखवायचं ते सकाळी दहा ते बारा. "दुपारी ऊन लय राह्यते जी," असं सांगायचं. तीन महिने कोणी फिरकलं नाही. मग सोमाजीभाऊ आले.

सोमाजीभाऊ आरमोरीकडचे, वनखात्यातून निवृत्त झालेले, दादाच्या बाबांचे जुने मित्र. बाबा बल्लारपूरला गेले तेव्हा खांदा त्यांनीच दिला होता; खाणीजवळच्या जुन्या गावी मात्र ते कधी आले नव्हते. त्यांची मुलगी नूतन नुकतीच राजुऱ्याला नर्स म्हणून लागलेली. तिच्याजवळ राहावं म्हणून त्यांनी गावचं घर आणि धानाची बांधी विकली होती. परत जायला तिकडे काही ठेवलं नव्हतं.

"ते टेकडी कायची रे?" त्यांनी विचारलं होतं.

"मातीची हाये, भाऊ."

हे दादानंच घरी येऊन सांगितलं, वर हसला. "खोटं बोललो का मी? मातीचीच तं हाये." काकू हसली नाही.

सोमाजीभाऊंनी कोणाला विचारलं नाही, गावात चक्कर मारली नाही. "बाबाच्या जागी मी हावो त्याले. त्याले काय विचारतं?" असं ते नूतनला म्हणाले. पुट्टी भरून, पिस्ता रंग मारून ठेवलेलं पहिलं घर त्यांनी घेतलं.

गृहप्रवेश गुरुवारी सकाळी दहाला ठेवला. वेळ दादानंच काढली होती. आम्ही सगळे गेलो. काकू मात्र आली नाही, पाय दुखतात म्हणाली. भंतेजींची गाडी वाटेत पंक्चर झाली आणि ते साडेबाराला पोचले. वंदना झाली, पंचशील झालं, पंगत बसली. सीताबाई, सोमाजीभाऊंची बायको, नवी फळी प्रत्येकीला दाखवत होती. पितळी डबे, स्टीलचे ग्लास, सगळं घासून मांडलेलं. "पहा ना वं, कशी चमकून राह्यली!"

दादा वाढत होता. हातात वरणाची बादली. बोलता बोलता त्यानं बादली खाली ठेवली, फळीपाशी गेला आणि एकेक डबा उतरवून जमिनीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवू लागला. चेहरा अगदी साधा, नळ बंद करणाऱ्या माणसासारखा.

"काऊन उतरवून राह्यला रे, बाबू?" सीताबाईनं विचारलं.

दादाचा हात डब्यावर तसाच राहिला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मग तो बादली उचलून परत वाढायला लागला. त्याचा दुसरा, आरशापुढचा आवाज आलाच नाही. दहा मिनिटं त्या खोलीत नीट कोणी जेवलं नाही. मग भोंगा झाला. मग जमीन एकदा खालून ढकलल्यासारखी हलली. फळीवर उरलेले ग्लास वाजले, दोन पडले, घरंगळत पंगतीत गेले. खिडकीवरची पुट्टी पापुद्र्यासारखी सुटली आणि आतली जुनी भेग दिसली.

"रोजच व्हते का?" सोमाजीभाऊंनी विचारलं.

"रोज."

"तुले माहीत होतं."

दादानं मान डोलावली. सोमाजीभाऊंनी ताट बाजूला सारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता?"

"दोनले. भांडे दहा मिनटं आधी उतरवाचे."

"दोनले दहा कमी," सीताबाई पुटपुटली, गोळीची वेळ पाठ करावी तशी.

दादा पडलेला ग्लास उचलून फळीवर ठेवायला गेला. सीताबाईनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे. आता आमचं आम्ही करू."