दोन मिलिमीटर जास्तीचं बॅरल

"हे फेका अन् नवं टाका. भोंगा बी मोठा टाका, चकचकीत. पार बसस्टँडपर्यंत आवाज गेला पायजे," सत्तारभाई म्हणाले.

सत्तारभाई औशातल्या एका बँडचे मालक. सोबत गौतमराव, त्याच बँडमध्ये तीसेक वर्षं क्लॅरिनेट वाजवणारे. माझ्या लातूरच्या दुकानात काउंटरवर क्लॅरिनेटचे पाच तुकडे मांडलेले. पेटी, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, जे म्हणून हवेवर बोलतं ते मी दुरुस्त करतो.

पाच तुकडे असे. वर तोंडात धरायचा माउथपीस, त्याखाली बॅरल, मग भोकं आणि चाव्या असलेले दोन भाग, सगळ्यात खाली भोंगा, म्हणजे बेल. बॅरल ही नुसती बोटभर लांबीची पोकळ नळी. तिला ना भोक ना चावी. पण तिच्या लांबीवर अख्ख्या वाद्याचा सूर ठरतो. बॅरल लांब, तर सूर खाली. आखूड, तर सूर वर.

गौतमरावांचं बॅरल उभं चिरलं होतं. तांब्याची तार आवळून आवळून त्यांनी ते चालवलं, पण हवा निसटायची आणि ऐन गाण्यात वाद्य चिरकायचं.

"रविवारी दुपारी मोठं लग्न हाय," सत्तारभाई म्हणाले. "त्यात जमलं तर ठीक. न्हाई तर आमचा कीबोर्डवाला क्लॅरिनेटचा आवाज बी काढतो. गौतमरावांनी घरी आराम करावा."

गौतमराव शेजारीच उभे होते.

आधी भोंग्याचं बघितलं. माझ्याकडचं एक बॅरल तात्पुरतं लावलं आणि सत्तारभाईंना पाठ करून उभं केलं. गौतमरावांनी एकच ओळ वाजवली, कधी भोंगा लावून, कधी काढून. सत्तारभाईंनी ओळखायचं होतं. तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा चुकलं. कारण साधं आहे. आवाज बहुतेक वरच्या उघड्या भोकांतूनच बाहेर पडतो. भोंग्याचं खरं काम अगदी तळाच्या एक-दोन सुरांपुरतं. तो खाली घट्ट बसतो का, एवढंच बघायचं. गौतमरावांचा जुना भोंगा छान बसत होता. तो तसाच ठेवला.

"मंग आमी इतकी वर्षं भोंग्याला पॉलिश कशाला करायलो?" सत्तारभाईंनी विचारलं.

"दिसतो चांगला की," मी म्हणालो.

आता बॅरल. जुन्याचं माप घेतलं. सदुसष्ट मिलिमीटर. या क्लॅरिनेटला पासष्ट लागतं. मला हसू आलं. "हे कुणी गळ्यात मारलं? दुसऱ्याच वाद्याचं दिसतंय."

"आमच्या वस्तादांनी दिलतं," गौतमराव म्हणाले. एवढंच.

मी ट्यूनर लावला. म्हणजे सूर बरोबर आहे की वर-खाली, ते काट्याने दाखवणारं यंत्र. पासष्टचं बॅरल चढवलं, गौतमरावांना कूलरसमोर खुर्ची दिली, वाजवा म्हटलं. काटा मधोमध. चिरकणं बंद. सत्तारभाई खूश, मीही खूश. स्वतःची पाठ थोपटायला मला फार वेळ लागत नाही.

रविवारी दुपारी साडेबाराला फोन आला.

"मिस्त्री, काय करून ठेवलंव? क्लॅरिनेट वर पळायलंय. लोकं हसायलेत."

"कीबोर्डचा सूर खाली-वर करायचं बटण कुणी दाबलंय का बघा."

"कीबोर्ड बरोबर हाय. गौतमराव तिकडं बसून हायेत."

मी फोन ठेवला. कूलर अंगावर गार वारा टाकत होता. दाराबाहेर मे महिन्याचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हवा तापली की फुंकवाद्याचा सूर चढतो. हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. कीबोर्ड मात्र उन्हात असो की सावलीत, आपल्या सुरावर ठाम. मी बॅरल निवडलं कूलरपुढे आणि वरात निघाली भर उन्हात.

बॅरलचा डबा घेतला आणि गाडीला किक मारली. औशापर्यंत वीस किलोमीटर. रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या.

वरात एका झाडाखाली थांबली होती. नवरदेव घोड्यावर घामाघूम, पोरं आइस्क्रीमच्या गाडीला चिकटलेली. गौतमराव बँडच्या ट्रॉलीमागे बसले होते, क्लॅरिनेट मांडीवर. त्यांनी बॅरल वर ओढून सूर उतरवायचा प्रयत्न केला होता. तसं थोडं करता येतं. पण फार ओढलं की आत फट पडते, मग वरचे सूर एका गावाला आणि खालचे दुसऱ्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

डब्यातलं सहासष्ट लावलं. अजून वरच. सदुसष्ट लावलं. कीबोर्डवाल्याने एक सूर धरला, गौतमरावांनी त्यावर आपला ठेवला. दोन्ही एकजीव झाले. सत्तारभाईंनी हात वर केला आणि वरात हलली. पुढचा तासभर गौतमराव थांबलेच नाहीत. मांडवाच्या दारात नवरदेवाच्या मामांनी त्यांनाच पुढे बोलावून एक गाणं जास्तीचं वाजवून घेतलं. सत्तारभाई कीबोर्डवाल्याला म्हणाले, "तू क्लॅरिनेटचं बटण बंदच ठेव."

पंगत बसल्यावर मी गौतमरावांना बाजूला घेतलं. "सदुसष्टच लागतं हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव. वस्तादांनी उन्हासाठीच दिलतं. थंडीत दुसरं लावतो."

"मग दुकानात का नाही बोललात? तुमचीच जागा जात होती."

त्यांनी ताटातली बुंदी एका बाजूला सारली. "तुमी माप बघून हसलाव. यंत्र बी तुमच्याच बाजूनं. मालकासमोर मी उलटं बोललो आसतो तर मालक म्हणले आसते, म्हातारं यंत्राला खोटं पाडायलंय. त्यापरीस गप बसलेलं बरं."

मला खरंच लाज वाटली. पट्टी आणि काटा बघून मी तीस वर्षांच्या कानाला हसलो होतो.

तेव्हापासून जुनं बॅरल विचित्र मापाचं निघालं की मी पट्टी खाली ठेवतो आणि वाजवणाऱ्याला विचारतो, हे असं का? पण त्याआधी मालकांना समोरच्या टपरीवर चहाला पाठवतो.