आई सिरियस नाही, साब

फौज का सोडली, असं लोक मला अजून विचारतात. विचारताना आवाज खाली आणतात, मी तिथून काही चोरून आणल्यासारखा. लग्नाच्या पंगतीत, हरसूलच्या बाजारात, एसटीत शेजारी बसल्यावर, कुठंही. मी काही आवाज खाली आणत नाही. तोफखान्यात होतो, एक कान निम्मा तिथंच राहिला, त्यामुळे हळू बोलणं मला तसंही जमत नाही. सोडायची होती म्हणून सोडली. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

हरसूलच्या पलीकडं डोंगरात आमचं गाव. भात आणि नागली पिकते ती घरात खाण्यापुरती. पाऊस सरला की निम्मं गाव द्राक्षबागांवर मजुरीला जातं. मी भरतीला गेलो तेव्हा देशासाठी वगैरे काही डोक्यात नव्हतं. भाकरी होती. देश नंतर आला, आणि आला तो खरा आला. पण सुरुवात भाकरीने झाली, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्या काळी, म्हणजे नव्वदच्या आसपास, फौजी दोन प्रकारे घरी यायचा. एक ठरलेली वार्षिक सुट्टी, ती मिळायची पलटणीच्या सोयीने. दुसरी घरून तार आल्यावर. तारेत मजकूर कायम एकच: आई सिरियस, ताबडतोब ये. आमच्या पलटणीत सगळ्यांच्याच आया सिरियस असायच्या. कांदा काढायला आला की सिरियस, बहिणीला बघायला पाहुणे येणार असले की सिरियस. माझी आई दर आषाढात सिरियस व्हायची, कारण तेव्हा भाताची आवणी असते आणि चिखलात वाकून रोपं लावायला माणसं लागतात. थोरला भाऊ त्र्यंबकला जाऊन तार ठोकायचा. मी वाळवंटात असो नाहीतर बर्फात, तार हातात पडली की मनात म्हणायचो, चला, यंदा पाऊस वेळेवर झाला.

आमचे सुभेदार साताऱ्याकडचे. ते म्हणायचे, "फौजेत आईला मरण नाही, पण बरंही वाटत नाही." तार पुढे करताना त्यांचा चेहरा मात्र गंभीर असायचा. तरुणपणी त्यांनीही हेच केलेलं होतं.

शेवटची काही वर्षं नशिबाने नाशिक रोडला आलो. नव्या जवानांना तोफ शिकवायची. ते मला उस्ताद म्हणायचे. घर दोन एसट्यांवर. लोकांना वाटायचं, याच्यासारखा सुखी कोण. पण दोन एसट्या काय आणि देशाचं दुसरं टोक काय, चार दिवस घरी राहायचं तर कारण लागायचंच. माझ्यासोबत भरती झालेला एक जोडीदारही तिथंच उस्ताद होता. सटाण्याकडचा, अहिराणी बोलणारा. आमची सतरा वर्षं एकदमच भरत आली आणि दोघांनाही विचारणा झाली: आणखी दोन वर्षं वाढवून घेणार, की पेन्शनवर जाणार? राहिलात तर पुढे खांद्यावर स्टार लागायची आशा. गेलात तर गेलात, मागे फिरता येत नाही.

जोडीदाराने विचारायच्या आत हो म्हटलं. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "घर मी पाव्हना शे. आठे उस्ताद शे." घरी गेला की मीठ कुठं ठेवलंय तेसुद्धा त्याला विचारावं लागायचं. बैलसुद्धा भावाच्या हाकेला यायचे, याच्या नाही. इथं त्याने नुसतं पाहिलं तरी शंभर माणसं ताठ उभी राहायची. मला त्याचं पटलं. राहणारे लोभाने राहतात असं बाहेर बोलतात, ते खोटं आहे.

माझं मात्र उलटं होतं. सतरा वर्षांत मी ज्या ज्या वेळी तातडीने घरी गेलो, ते कुणीतरी आजारी आहे म्हणून, मग ते खोटं का असेना. सगळ्यांचं बरं चाललंय, म्हणून मीही घरी आहे, असं मला कधी करताच आलं नाही. नुसता बरा दिवस हे फौजेत कारण होत नाही. याचा मला राग यायचा, आणि वय वाढलं तसा तो कमी न होता वाढत गेला.

तेच सुभेदार आता नाशिक रोडला होते. मी जाणार म्हटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "साहेब समोर बोलावून कारण विचारतील. सांग, आई आजारी असते, बघायला कुणी नाही. काम झालं. कारण नसताना गेलास तर त्यांना वाटेल कुणावर तरी रुसून चाललाय. मग बसतील खोदत."

त्याच रविवारी गावी गेलो आणि आईला हे कारण सांगितलं. ती ओट्यावर नागली पाखडत होती. सूप तिने खाली ठेवलं नाही.

"आरं, किती वर्सं झाली, दर आवणीला मला खाटंवर पाडतोस," ती म्हणाली. "तिकडं त्र्यंबकला तारवाला थोरल्याला इचारतो, म्हातारी अजून हाय का म्हणून. माझ्या अंगात कवा ताप पाह्यलास? मला आजारी पाडून येनार असशील तर येऊच नको."

"मग साहेबांना काय सांगू?"

"खरं हाय ते सांग. येवढ्या मोठ्या तोफा उडवतोस, आन् येक खरं बोलाया भितोस?"

बायको आत चुलीपुढे होती. ती हसली, आणि मुलगी तिला 'का हसलीस' म्हणून विचारू लागली. मी तिथंच ठरवलं की आईला आता पुन्हा आजारी पाडायचं नाही, मग साहेब काय वाटेल ते म्हणोत.

साहेबांसमोर उभा राहिलो तो कडक इस्त्रीत. बोलणं हिंदीत झालं, इथं मराठीत लिहितो.

"पेन्शन का हवी?"

"घरी राहायचंय, साब."

"काही अडचण? आई आजारी आहे का?"

मागे सुभेदार उभे होते. त्यांचं खाकरणं मला चांगल्या कानाने ऐकू आलं.

"आई सिरियस नाही, साब. ठणठणीत आहे. बायको, मुलगी, बैल, सगळे ठणठणीत आहेत."

"मग घाई कसली?"

"तीच घाई आहे, साब. ठणठणीत आहेत तोवर जायचंय."

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "गेल्या वर्षी तर तुझी आई सिरियस होती. सुट्टी मीच दिली होती."

इथं माघार घेता आली असती. नंतर बरी झाली, म्हटलं असतं तर भागलं असतं. पण आईचं सूप माझ्या डोळ्यांपुढे होतं.

"गेल्या वर्षी भाताची आवणी होती, साब."

शिक्षा झाली असती तरी मी तयार होतो. साहेबांनी पेन उचललं. "आणि यंदाची आवणी?"

"पाऊस झाला की, साब."

"त्याआधी पोचशील," ते म्हणाले आणि सही केली.

बाहेर आल्यावर सुभेदारांनी मला शेलक्या शिव्या दिल्या. "गाढवा, आता पलटणीत कुणाच्याच आईला सुट्टी मिळायची नाही." मग त्यांनीच चहा पाजला.

पेन्शनवर जाणाऱ्याला जीपमध्ये बसवतात, जीपला फुलं बांधतात, आणि इंजिन बंद ठेवून बाकीचे दोर लावून ती गेटपर्यंत ओढत नेतात. माझ्या दोराला सगळ्यात पुढे जोडीदार होता. गेटवर दोर सोडताना म्हणाला, "येडा शे तू." मी म्हटलं, शे तर शे.

गावाने आठवडाभरात कारणं ठरवून टाकली. हाकलला असेल. दारू पीत असेल. बायकोने रडून आणला असेल. बायकोचा एक मामा एकलहऱ्याच्या वीजकेंद्राजवळ राहायचा. तो वॉचमनची नोकरी घेऊन आला, मग विंचूरच्या कांद्याच्या चाळीवरची, आणि मी कशालाच हो म्हणेना तेव्हा म्हणाला, "निदान पुन्हा भरती हो. पेन्शनीतल्या फौजींना फौजेच्या कोठारांच्या पहाऱ्यावर घेतात. परत वर्दी मिळंल, मान मिळंल." मी म्हटलं, "मामा, मान इथं कमी पडला की कळवतो." त्यानंतर मामा बरीच वर्षं आमच्याकडे जेवला नाही. त्याला मी काय करणार? माझी पेन्शन, माझी आवणी, माझं घर. मीठ कुठं असतं ते मला ठाऊक झालं होतं आणि बैल हाकेला येत होते.

जोडीदार मात्र झाला पुन्हा भरती. दोन वर्षांची वाढ संपल्यावर तो एक पावसाळा घरी राहिला, जेमतेम तगला, आणि कोठाराच्या पहाऱ्यावर गेला. पुढे काही वर्षांनी आषाढात तो अचानक आमच्याकडे आला. नव्या नेमणुकीवर निघाला होता, एक रात्र राहून जायचं होतं. अंगात वर्दी तशीच ताठ. आई ओट्यावर बसलेली. त्याने पाया पडून विचारलं, "माय, कशी शे तू?" आणि तिथंच खाली बसला.

मग त्याने सांगितलं. त्याची आई वर्षापूर्वी गेली. तोवर तारा बंद पडत आल्या होत्या, मोबाईल आले होते. तो पहाऱ्यावर असताना भावाचा फोन आला, माय सिरियस शे. इतक्या वर्षांची सवय. हा हसत म्हणाला, "कांदा काढाना शे का?" पलीकडे भाऊ काही बोललाच नाही. तेव्हा याला कळलं. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

जीव तुटला त्याच्यासाठी. तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण चुकलं नव्हतं. तीच सवय मलाही होती, आणि भावाचा तो फोन मलाही आला असता.

आई सरकून त्याच्याजवळ आली. मग म्हणाली, "तुज्या त्या सायबाला फोन लाव."

"काय सांगू, माय?"

"सांग, माय लय सिरियस हाय. दोन दिस येता येनार नाय."

माझ्यासाठी ती कधी आजारी पडायला तयार झाली नव्हती. गावात रेंज नव्हती, म्हणून तो मागच्या टेकाडावर चढला आणि साहेबांना तेच सांगून आला. सकाळी आईने त्याची वर्दी काढून ठेवायला लावली, माझी जुनी लुंगी दिली आणि त्याला रोपं देऊन चिखलात उभं केलं.