ऐकू येणारा नकाशा

"लेआउट फायनल न्यू टू. इमेज."

मनीषा जाधवने मला ऐकवण्यासाठी कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरवर घेतला होता. मला स्क्रीनवर कारखान्याचा सुबक रंगीत नकाशा दिसत होता. तिला मात्र नुसतं फाइलचं नाव ऐकू येत होतं.

"एवढंच सांगायलंय सर ते," ती म्हणाली. "आग लागल्यावर कुठून बाहेर पडायचं, ते काय सांगंना."

मी चिंचवडच्या एका छोट्या आयटी कंपनीत टेक्निकल रायटर आहे, म्हणजे मशीनची मॅन्युअल्स आणि वेबसाइटवरचा मजकूर लिहितो. चाकणच्या या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याने सेफ्टी ट्रेनिंग वेबसाइटवर नेलं आणि ते काम आमच्याकडे आलं. मनीषा तिथे चौकशीचे फोन घेते. मूळची लातूरकडची, राहते थेरगावात. तिला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटर ती स्क्रीन रीडरवर चालवते. हा प्रोग्रॅम स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचतो. चित्र आलं की त्यासोबत लिहून ठेवलेलं वर्णन वाचतो, आणि वर्णनच नसेल तर बऱ्याचदा फाइलचं नाव घेऊन मोकळा होतो.

ट्रेनिंगनंतर परीक्षा होती. आपल्या जागेपासून असेंब्ली पॉइंटला, म्हणजे आगीच्या वेळी सगळ्यांनी जमायच्या जागी, कसं जायचं हा प्रश्न सक्तीचा. तो चुकला की नापास, आणि नापास माणसाचा गेट पास महिनाअखेरीला बंद. मनीषाची नोकरी त्या नकाशात अडकली होती.

सेफ्टी ऑफिसर येळवंडे साहेब चाकणजवळच्याच गावचे. माणूस वाईट नाही, पण त्यांनी निकाल आधीच लावून टाकला होता.

"पवार, उगा डोकं नका शिणवू. त्यांना घरून काम द्या. उद्या काही झालं तर जबाबदारी माझ्यावर हाय," ते मला म्हणाले.

"कंपनीचे फोन घरी जोडून देत नाहीत साहेब," मनीषा म्हणाली. "विचारून झालं माझं."

मी टेबलाशी बसून वर्णन लिहिलं आणि खुशीत वाचून दाखवलं. "पिवळ्या पट्ट्यांच्या आतून सरळ जा. हिरव्या बोर्डापाशी वळा."

ती हसायलाच लागली. "पट्टी पिवळी का निळी, मला काय करायचंय सर?"

आजवर मी रंगांवरच रस्ते सांगत आलो होतो. दुसरं काही सुचेना, म्हणून आम्ही ती वाट चालून बघायचं ठरवलं. येळवंडे साहेबही मागे आले, बहुधा आमची फजिती बघायला. मनीषा काठी टेकत पुढे आणि मी मोबाइलवर टिपून घेत मागे. डावीकडे हवेच्या कंप्रेसरची घरघर, पुढे प्रेस मशीनचे ठोके, अशा तिच्या खुणा होत्या. मला घबाड सापडल्यासारखं झालं. "कंप्रेसरचा आवाज डाव्या हाताला ठेवून चाला," मी झोकात लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

"हे न्हाई चालायचं," मागून साहेब म्हणाले.

"का हो?"

"आग लागली की पहिली लाइट तोडतो आमी. कंप्रेसर कुठला वाजतोय मग?"

मी ती ओळ खोडून टाकली. मनीषाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. तो मजकूर तसाच गेला असता, तर ती परीक्षेत पास झाली असती आणि खऱ्या आगीत वाट चुकली असती.

मग साहेबच पुढे झाले. वीज गेली तरी जागेवर राहणाऱ्या गोष्टी आम्ही शोधत गेलो. भिंतीला लागून मालाची खोकी रचलेली होती. साहेबांनी स्टोअरवाल्याला तिथेच फैलावर घेतलं. "ही भिंत आता वाट हाय. इथं खोकं दिसलं तर माझ्याशी गाठ हाय."

शेवटी मजकूर असा झाला: "दाराबाहेर येताच भिंत उजव्या हाताला घ्या. भिंत संपली की रेलिंग लागेल. ते धरून उतार उतरा. पायाखाली खडी लागली की असेंब्ली पॉइंट आला." तो आम्ही नकाशाखालीच ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

मनीषा परीक्षेत पास झाली. साहेब मात्र तिच्या गेट पासवर सही करेनात. "कागदावर झालं. आता मॉक ड्रिल होऊ द्या." मॉक ड्रिल म्हणजे आगीची रंगीत तालीम.

त्या दिवशी भोंगा झाला, मेन स्विच पाडला. मी खडीवर उभा होतो. माणसं भराभर येत होती आणि मनीषाचा पत्ता नव्हता. साहेब घड्याळ बघत होते.

सगळ्यात शेवटी ती उतारावर दिसली. एका हातात रेलिंग, दुसऱ्या हाताने तिच्या शेजारच्या टेबलावरच्या वानखेडेचं मनगट धरलेलं.

"उशीर का?" साहेबांनी विचारलं.

"हे मला रोजच्या सवयीनं हजेरीच्या गेटकडं ओढायलते साहेब. इकडं वळवून आणायला वेळ लागला."

साहेबांनी तिच्या पासवर सही केली आणि वानखेडेला ट्रेनिंग पहिल्यापासून करायला लावलं.

त्या दोघांचे माझ्यावर उपकार आहेत. मनीषाने मला रंगांतून सोडवलं, साहेबांनी आवाजांतून. एकट्याच्या बळावर मी एक सुंदर आणि जीवघेणा मजकूर लिहिला असता. आता वाट सांगणारं काहीही लिहिलं की साइटवर टाकण्याआधी मी ते, ज्याला वापरायचंय त्याच्याबरोबर चालून बघतो. बिलात त्या चालण्याचा रकाना नाही.